गोजिरा आणि त्याचे टीकाकार

शिष्टांनीं नाकें मुरडावीं आणि लोकांनीं गर्दी करावी, हा प्रकार आपणांस नवा नाहीं. तमाशाच्या फडापुढें तो पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. अशा वेळीं आम्ही प्राध्यापक मंडळी बहुधा शिष्टांच्या बाजूस उभे असतों. परंतु ३ नोव्हेंबर १९५४ रोजीं जपानांत प्रदर्शित झालेल्या एका बोलपटाच्या बाबतींत मला ती बाजू सोडावी लागली.

त्या बोलपटाचें नांव ‘गोजिरा’. मराठी कानांस तें मोठें लडिवाळ वाटेल. परंतु ‘गोरिला’ आणि देवमाशाचा जपानी वाचक ‘कुजिरा’ या दोन शब्दांची ती जोडणी आहे, आणि ज्याला हें नांव मिळालें तो पन्नास मीटर उंचीचा राक्षस आहे. पाश्चात्त्य जग त्याला ‘गॉडझिला’ म्हणतें. सागरतळीं युगानुयुगें दडलेला हा प्राणी हायड्रोजन बाँबच्या चाचण्यांनीं चाळवला जाऊन वर येतो आणि टोकियो शहर जाळून टाकतो. कथा एवढीच. लोकांनीं ती डोक्यावर घेतली. सुमारें ९६ लक्ष तिकिटें खपलीं. त्या वेळच्या अनेक जपानी टीकाकारांनीं मात्र तिला फटकारलें. राष्ट्राच्या ताज्या जखमा उघड्या करून त्यांवर गल्ला भरण्याचा हा उद्योग आहे, असा त्यांचा आक्षेप होता.

हा आक्षेप उथळ नव्हता. त्याच वर्षीं १ मार्च रोजीं अमेरिकेनें बिकिनी बेटांवर १५ मेगाटन शक्तीचा बाँब उडविला. हिरोशिमावरील बाँबच्या सुमारें हजारपट! घोषित धोक्याच्या क्षेत्राबाहेर मासेमारी करीत असलेल्या ‘दायगो फुकुर्‍यू मारू’ या जपानी नौकेवर त्याची पांढरी राख पडली. नौकेवरील २३ही जण आजारी होऊन परतले. बाजारांतील मासळीची लोकांना धास्ती बसली. आणि २३ सप्टेंबर रोजीं नौकेचा तारायंत्रचालक कुबोयामा मरण पावला. त्यानंतर सहा आठवडेहि लोटले नाहींत तोंच पडद्यावर एक नौका डोळे दिपविणार्‍या प्रकाशांत जळून बुडूं लागली. ज्यांच्या घरीं सुतक होतें त्यांना हें कसें वाटलें असेल?

तरीहि मला वाटतें कीं, टीकाकारांनीं हेतूची पारख चुकीची केली. दिग्दर्शक इशिरो होंडा हा स्वतः सैनिक होता. चीनमधून १९४६ मध्यें परततांना त्यानें हिरोशिमाची राख डोळ्यांनीं पाहिली होती. त्याचा राक्षस ज्या टोकियोंतून चालतो तें टोकियो १९४५ च्या मार्चांत एका रात्रींत जळालें होतें आणि त्या रात्रीं सुमारें एक लक्ष माणसें मेलीं होतीं. बोलपटांत एका भिंतीच्या आडोशाला मुलांना पोटाशीं धरून बसलेली आई आहे. आतां लवकरच आपण बाबांकडे जाऊं, असें ती त्यांना सांगते. हे बाबा युद्धांत गेले असावेत, हें प्रेक्षकांना कोणी समजावून सांगावें लागलें नाहीं. पुढें रुग्णालयांत एका बालकाच्या अंगाजवळ किरणोत्सर्गमापक यंत्र नेलें जातें आणि तें कटकट वाजूं लागतें. केवळ गल्ल्यासाठीं काम करणारा माणूस येथें इतका वेळ थांबत नाहीं.

आतां राक्षसाविषयीं. तो रबरी पोशाखांतील माणूस आहे, हें कोणासहि दिसतें. चमत्कारदृश्यांचा सूत्रधार एइजी त्सुबुराया याला ‘किंग काँग’ प्रमाणें लहान बाहुली कणाकणानें हलवून चित्रें घ्यावयाचीं होतीं. पण तेवढा वेळ कोण देणार? म्हणून हारुओ नाकाजिमा हा नट जवळजवळ शंभर किलो वजनाच्या पोशाखांत शिरला, आणि दिव्यांच्या आंचेंत कांहीं मिनिटांतच घामाघूम होऊं लागला. चित्रें वेगानें टिपून संथ दाखविल्यामुळें त्याच्या पावलाला भार आला. आरोळी तर राळ लावलेला चामडी हातमोजा वाद्याच्या जाड तारांवरून ओढून काढली आहे! मला हा सारा कारागिरीचा थाट अतिशय आवडतो, आणि दशावतारांतील संकासुर पाहिलेल्या कोंकणी माणसाला तो हास्यास्पद वाटण्याचें कारण नाहीं.

अमेरिकेंत त्याची गत निराळीच झाली. तेथें १९५६ मध्यें मूळ बोलपटाची काटछाट करून, रेमंड बर या नटाला बातमीदार म्हणून मध्यें घुसवून नवी आवृत्ति काढण्यांत आली. अणुचाचण्यांविषयींचे बोचणारे उल्लेख बरेच गळाले. न्यूयॉर्कच्या प्रमुख दैनिकांत बॉस्ले क्राउदर यानें तिची यथेच्छ टर उडविली. विद्यार्थिदशेंत मीं प्रथम पाहिली ती हीच आवृत्ति. मीहि मित्रांसमवेत खो खो हंसलों होतों. मूळ बोलपट अमेरिकेच्या चित्रगृहांतून रीतसर फिरला तो २००४ मध्यें, म्हणजे पन्नास वर्षांनीं. त्यानंतर मलाहि तो पाहावयास मिळाला. त्या वेळीं हंसूं आलें नाहीं असें नाहीं. रेल्वेचा डबा तोंडांत धरलेला राक्षस पाहून मी आजहि हंसतों.

टीकाकारांची भीति एका अर्थीं पुढें खरी ठरली. १९५५ च्या एप्रिलांतच दुसरा भाग निघाला, तोहि होंडाशिवाय; आणि कालांतरानें हा राक्षस मुलांचा लाडका रक्षणकर्ता होऊन बसला. म्हणजे मराठी अर्थानेंहि तो गोजिरा झाला! ते बोलपटहि मीं पाहिले आहेत, आवडीनें पाहिले आहेत. मात्र त्यांत ती भिंतीआडची आई कोठें भेटली नाहीं.