धुळाक्षरे

बऱ्हाणपूर जिल्ह्यातल्या धूलकोट गावाचे नाव वाचले आणि आजोबांची धूळपाटी आठवली. पंतोजी धुळीत अक्षर काढून देत, मुले गिरवीत. हात वळायचा, वाचता येईलच असे नाही. आमच्या गोव्यातही हीच रीत.

आधी शिकवणाऱ्याला शिकवायला हवे, म्हणून मुंबईत १८४५ साली अध्यापकवर्ग निघाला. तो चालवायला दिला बाळशास्त्री जांभेकरांकडे. ‘दर्पण’कार म्हणून आपण त्यांना ओळखतो. पोंभुर्ल्याचे, म्हणजे तसे आपले शेजारीच! शाळा तपासायचे कामही त्यांनी केले होते. तपासणाऱ्यालाच शिकवण्याची वाट ठाऊक होती, हे मला फार मोलाचे वाटते. दुर्दैवाने १८४६ मध्ये ते गेले.

२०२१ च्या ‘निपुण भारत’ने तिसरीअखेर प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे, असे ठरवले. मुदत २०२६-२७. त्यासाठीच्या ‘निष्ठा’ प्रशिक्षणात मुख्याध्यापकही धरले, हे बरे झाले. पण पट, पोषण आहार, माहितीचे तक्ते यांतून उठून पहिलीच्या वर्गात तो बसणार कधी? बऱ्हाणपूरच्या डोंगराळ भागात घरी बारेली, कोरकू बोलणारे मूल शाळेत हिंदी वाचायला बसते. ‘क’ ओळखते, ‘म’ ओळखते, ‘ल’ ओळखते, आणि ‘कमल’पाशी अडते. कारण अक्षरे जोडायची कशी, हे त्याला कोणी दाखवलेले नसते. किंवा तो शब्दच त्याने घरी कधी ऐकलेला नसतो. या दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत.