घोणस, परळची प्रयोगशाळा आणि न गोठणारे रक्त

पावसाळ्याच्या दिवसांत बुलढाणा जिल्ह्यातील एखाद्या ग्रामीण रुग्णालयात सोयाबीनच्या रानातून सर्पदंशाचा रुग्ण आणला जातो, तेव्हा डॉक्टर एक अत्यंत साधी गोष्ट करतात. शिरेतून सुमारे २ मिलिलिटर रक्त काढून ते काचेच्या नव्या, कोरड्या नळीत घालतात, नळी उभी ठेवतात आणि घड्याळ पाहतात. २० मिनिटे तिला कोणी हात लावायचा नाही. मग ती एकदाच कलती करायची. रक्त गोठून जागीच राहिले तर थोडा धीर धरता येतो. पाण्यासारखे ओघळले, तर विष घोणस किंवा फुरशासारख्या सापाचे आहे आणि ते अंगात भिनले आहे असे मानून प्रतिविष सुरू होते.

मित्रहो, आजचा थ्रेड या नळीविषयी आहे. घोणस चावलेल्या माणसाचे रक्त गोठत नाही, हे आपल्याकडे शेतावर राबणाऱ्याला पुस्तक न वाचताही ठाऊक असते. दंशाची जागा वाहत राहते, हिरड्यांतून रक्त येते, लघवी लाल होते. परंतु हेच विष अतिसौम्य करून प्रयोगशाळेत रक्तद्रवात मिसळले, तर तो काही सेकंदांत गोठतो. एकाच विषाचे हे दोन उलट परिणाम कसे? या कोड्याची उकल होण्यास जवळजवळ दोन शतके लागली, आणि तिचा एक महत्त्वाचा टप्पा मुंबईत, परळला पार पडला.

प्रथम सापाची ओळख. विदर्भात काही ठिकाणी याला परड म्हणतात. इंग्रजीत तो पॅट्रिक रसेल यांच्या नावाने ओळखला जातो. ईस्ट इंडिया कंपनीच्या या वैद्याने कोरोमंडल किनाऱ्यावरील सापांवरचा आपला ग्रंथ १७९६ मध्ये प्रसिद्ध केला आणि त्यात या सापाचे तेलुगू नाव, ‘कटुक रेकुल पोडा’, नोंदवून ठेवले. शास्त्रीय नावातला ‘दबोइया’ हा शब्द तर हिंदीतला आहे: दबून बसणारा. ज्यांनी तूर कापताना पाचोळ्यात वेटोळे घालून बसलेली घोणस पाहिली आहे, त्यांना या नावाचा अर्थ वेगळा सांगावा लागणार नाही.

रसेल यांच्याही आधी, १७८१ मध्ये, इटालियन शास्त्रज्ञ फेलिचे फोंताना यांनी युरोपातील व्हायपर सापांवर शेकडो प्रयोग करून एक ग्रंथ सिद्ध केला होता. विष थेट शिरेत सोडले तर प्राण्याचे रक्त आतल्या आत गोठते, मात्र इतर वेळी ते पातळ राहते, हे त्यांच्या ध्यानात आले होते. निरीक्षण अचूक होते. पण रक्त मुळात गोठते कसे हेच कोणाला माहीत नसल्यामुळे त्याचा अर्थ लागणे शक्य नव्हते.

आता परळकडे वळू. १८९६ साली मुंबईत प्लेग पसरला आणि वाल्देमार हाफकिन यांना तेथे पाचारण करण्यात आले. त्यांच्या लसीच्या कामासाठी १८९९ मध्ये परळचे जुने गव्हर्नमेंट हाउस देण्यात आले आणि ‘प्लेग रिसर्च लॅबोरेटरी’ तेथे स्थिरावली. आजची हाफकिन संस्था तीच. हे नाव तिला १९२५ मध्ये मिळाले. प्लेगच्या त्या धामधुमीत, त्याच वास्तूत, इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील कॅप्टन जॉर्ज लॅम्ब सापाच्या विषावर काम करीत होते. त्यांचे सहकारी होते विल्यम हॅना.

त्या कामामागे एक वाद होता. फ्रेंच शास्त्रज्ञ आल्बेर काल्मेत यांनी १८९० च्या दशकात नागाच्या विषापासून प्रतिविष तयार केले. हा खरोखर मोठा शोध होता. पण त्यासोबत काल्मेत यांनी असाही दावा केला की हे एकच औषध सर्व सापांवर चालेल. हा दावा खरा असता तर वैद्याने साप ओळखण्याची गरजच उरली नसती. आणि खोटा असेल, तर घोणस चावलेल्या प्रत्येक रुग्णाला औषध म्हणून केवळ आशाच टोचली जाणार होती.

लॅम्ब यांनी नाग आणि घोणस यांची विषे रक्तावर व रक्तद्रवावर काय करतात हे शेजारी शेजारी ठेवून तपासले. १९०१ ते १९०४ या काळात त्यांचे लेख आणि सरकारी शास्त्रीय प्रबंधमालेतील पुस्तिका निघत राहिल्या. निष्कर्ष असा: नागाचे विष रक्ताची गोठण्याची शक्ती कमी करते, घोणसचे विष सायट्रेट घालून पातळ राखलेला रक्तद्रवही गोठवते. प्राण्याच्या शरीरात मोठी मात्रा गेली तर रक्तवाहिन्यांतच गुठळ्या होऊन तो तत्काळ मरतो. मात्रा लहान असेल तर प्राणी काही काळ जगतो, आणि मग त्याचे रक्त गोठेनासे होते. काल्मेत यांचे औषध घोणसच्या विषापुढे निष्प्रभ ठरले. प्रत्येक विषाला त्याचे स्वतंत्र प्रतिविष हवे, हे तत्त्व रुजविण्यात लॅम्ब यांच्या प्रयोगांचा वाटा मोठा आहे, आणि आपल्या पाठ्यपुस्तकांत त्यांचा उल्लेखही नसावा याचे मला राहून राहून आश्चर्य वाटते. प्लेग आणि हाफकिन यांच्या प्रखर प्रकाशात शेजारच्या टेबलावरचे काम झाकोळले गेले असावे.

याच सुमारास वऱ्हाडाचा राजकीय पत्ताही बदलत होता. ऑक्टोबर १९०३ मध्ये बुलढाण्यासह वऱ्हाडचे जिल्हे मध्य प्रांताच्या कारभाराशी जोडले गेले. परळच्या शोधाची वार्ता आणि आमच्याकडचा सर्पदंश यांच्यात केवळ रेल्वेचे अंतर नव्हते, प्रांताची सीमाही होती.

परळच्या निष्कर्षांना ऑस्ट्रेलियातून दुजोरा होता. चार्ल्स मार्टिन यांनी तिथल्या काळ्या सापाच्या विषावर १८९० च्या दशकातच असाच दुहेरी परिणाम पाहिला होता: आधी गोठण्याची घाई, मागाहून दीर्घ काळ गोठण्याचा अभाव. १९०५ मध्ये त्यांनी सर्पविषात गोठविणारे विकर असल्याचे प्रयोग प्रसिद्ध केले, आणि त्याच वर्षी प्लेग संशोधन आयोगाच्या कामासाठी ते भारतात आले. त्या आयोगात लॅम्बही होते. सर्पविषाचे दोन अभ्यासक परळला उंदीर आणि पिसवा मोजीत होते, हा इतिहासातला एक गमतीदार योग आहे.

कोड्याचे उत्तर आता सरळ सांगता येते. रक्तात फायब्रिनोजेन नावाचे प्रथिन विरघळलेले असते. जखम झाली की साखळीने एकेक घटक जागा होतो, शेवटी थ्रॉम्बिन तयार होते आणि ते फायब्रिनोजेनचे धागे विणते. घोणसचे विष या साखळीत मध्येच शिरून दहाव्या आणि पाचव्या घटकांना परस्पर जागे करते. फुरशाचे विष आणखी पुढे, थेट प्रोथ्रॉम्बिनवर हात टाकते. कणगीतले वर्षभराचे धान्य एका रात्रीत दळून पीठ वाऱ्यावर सोडावे, तसा हा प्रकार असतो. अंगभर सूक्ष्म धागे तयार होतात, विरघळतात, आणि काही वेळात कणगी रिकामी होते. त्यानंतर जाते कितीही फिरले तरी पीठ निघत नाही. नळीतले ओघळणारे रक्त हे गोठू न शकलेले रक्त नव्हे. ते गोठून संपलेले रक्त आहे.

ही साखळी माणसाला कळली, त्यातही घोणसचा वाटा आहे. लंडनमध्ये १९३४ साली रॉबर्ट मॅकफार्लेन आणि तेथील प्राणिसंग्रहालयाचे बर्जेस बार्नेट यांनी हिमोफिलियाच्या रुग्णांचा रक्तस्राव थांबविण्यासाठी घोणसचे विष दहा हजार पट सौम्य करून जखमेवर लावले. रक्त थांबले. पुढे हे औषध ‘स्टिपव्हेन’ नावाने विकले गेले. मॅकफार्लेन मात्र तेवढ्यावर थांबले नाहीत. विष नेमके कोणत्या पायरीवर काम करते, याचा पाठपुरावा करीत त्यांनी १९६४ मध्ये रक्त गोठण्याची पायऱ्यापायऱ्यांची मांडणी प्रसिद्ध केली. त्याच वर्षी अमेरिकेत डेव्ही आणि रॅटनॉफ यांनी स्वतंत्रपणे धबधब्याची उपमा देऊन तीच गोष्ट मांडली.

परंतु इतकी वेगवान यंत्रणा अंगात असूनही आपले रक्त एरवी वाहते कसे राहते? त्याला लगाम घालणारी प्रथिनेही रक्तातच असतात. नॉर्वेतील एका कुटुंबात पिढ्यान्‌पिढ्या रक्ताच्या गुठळ्या होत होत्या. त्यांच्यात अँटिथ्रॉम्बिन हे प्रथिन कमी असल्याचे ओलाव्ह एगेबर्ग यांनी १९६५ मध्ये दाखविले. स्वीडनच्या योहान स्टेनफ्लो यांनी १९७६ मध्ये गाईच्या रक्तद्रवातून ‘प्रोटीन सी’ वेगळे केले. पुढे कळले की थ्रॉम्बिन निरोगी रक्तवाहिनीच्या अस्तराला चिकटले की तेच प्रोटीन सीला जागे करते, म्हणजे गोठविणारा स्वतःच आपल्या अंगावर लगाम ओढून घेतो. अमेरिकेतील कॉपरहेड सापाच्या विषातला एक घटक हेच काम परस्पर करतो, म्हणून प्रोटीन सी मोजण्याच्या चाचणीत आज तो वापरतात.

फुरशाचे तर याहून विलक्षण आहे. सुश्रुतसंहितेत जळवांवर स्वतंत्र अध्याय आहे. सहा सविष, सहा निर्विष अशा बारा जाती तेथे सांगितल्या आहेत. जळूच्या लाळेने रक्त पातळ राहते हे १८८४ मध्ये जॉन हेक्राफ्ट यांनी प्रयोगाने दाखविले, आणि त्या प्रथिनाला पुढे हिरुडिन हे नाव मिळाले. रुग्णाच्या रक्तात या हिरुडिनचा परिणाम किती झाला हे मोजण्याची एक पद्धत फुरशाच्या विषातील इकॅरिन या विकरावर चालते. जळूचे माप फुरसे काढते!

मग ओघाने विचार सुचतो: विषाने अति गोठते, तर गोठणेच थांबवावे; लगाम बळकट करणारे हेपॅरिन द्यावे. वैद्यकाला हा मोह बराच काळ पडला होता. हेपॅरिन अँटिथ्रॉम्बिनच्या हातून काम करते. मात्र फुरशाच्या विषाने प्रोथ्रॉम्बिनपासून प्रथम जो अर्धवट रूपातला पदार्थ तयार होतो, त्यावर ही जोडी फारशी चालत नाही. घोणसदंशाच्या रुग्णांवर ब्रह्मदेशात झालेल्या नियंत्रित चाचणीतही हेपॅरिनचा लाभ दिसला नाही, आणि आज सर्पदंशात ते देऊ नये असेच सांगितले जाते. विष अंगात असेतो लगाम ओढून उपयोग नाही. विषच निकामी करावे लागते.

ते करणारे औषध आजही घोड्याच्या रक्तातूनच मिळते. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवरचे हे एकत्रित प्रतिविष असते. त्याचे १ मिलिलिटर नाग व घोणसचे प्रत्येकी ०.६ मिलिग्रॅम आणि मण्यार व फुरशाचे प्रत्येकी ०.४५ मिलिग्रॅम विष निकामी करील, हे भारतातील प्रमाण आहे. सुरुवातीलाच साधारण दहा कुप्या लागतात, त्या याच हिशेबामुळे. २००० ते २०१९ या वीस वर्षांत देशात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली असा एका मोठ्या अभ्यासाचा अंदाज आहे. त्यांतील बहुसंख्य खेड्यांतली होती, आणि निम्म्याहून अधिक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत गेली.

नळीची चाचणी १९७० च्या दशकात नायजेरियात, फुरशाच्याच भाईबंदांच्या दंशावर उपचार करताना डेव्हिड वॉरेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रूढ केली. नळी काचेचीच हवी, कारण काचेच्या स्पर्शाने रक्ताची साखळी सुरू होते. प्लास्टिकच्या नळीत निरोगी माणसाचे रक्तही फसवू शकते. साबणाने धुतलेली काचही चालत नाही. प्रतिविष दिल्यावर डॉक्टर ६ तास थांबतात. विष निकामी झाले असेल, तर तेवढ्या वेळात यकृत नवे फायब्रिनोजेन तयार करून कणगी पुन्हा भरू लागते. मग नवी नळी, पुन्हा २ मिलिलिटर रक्त, पुन्हा २० मिनिटे.