रकान्यात न सापडणारी समिती

निवडणूक आयोगाच्या १९५७ च्या अहवालात मुंबई राज्य विधानसभेच्या निकालाचा तक्ता आहे. काँग्रेस २३४, प्रजासमाजवादी ३६, शेतकरी कामगार पक्ष ३१, कम्युनिस्ट १३, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन १३, जनसंघ ४, हिंदू महासभा १, अपक्ष ६४. बेरीज केली की बरोबर ३९६ येते, सभागृहाच्या सगळ्या जागा. हिशेब चोख आहे. पण ज्या नावासाठी मी हा तक्ता उघडला, ते नाव त्यात नाही. संयुक्त महाराष्ट्र समिती कुठल्याच रकान्यात नाही.

ज्या निवडणुकीचे वर्णन घराघरांत ‘समितीची निवडणूक’ असे होत आले, तिच्या अधिकृत निकालात समितीच नसावी, याचे आधी नवल वाटते. कारण मात्र साधे आहे. ६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्यात स्थापन झालेली समिती हा पक्ष नव्हता, ती अनेक पक्षांची आणि माणसांची आघाडी होती. आयोगाच्या दप्तरी मान्यता पक्षांना होती आणि निवडणूक चिन्हेही पक्षांनाच मिळत. उमेदवार अर्ज भरताना ज्या पक्षाचा, त्या पक्षाच्या रकान्यात तो गेला. ज्याचा पक्ष मान्यताप्राप्त नव्हता किंवा ज्याला पक्षच नव्हता, तो अपक्ष ठरला. मराठी माणसाने संयुक्त महाराष्ट्राच्या एका मागणीसाठी दिलेले मत आयोगाच्या कारकुनाने सात ठिकाणी वाटून लिहिले. त्यात त्याची चूक काहीच नव्हती.

मग समितीला जागा किती मिळाल्या? काँग्रेसच्या २३४ वजा केल्या की १६२ उरतात. सहा बिगरकाँग्रेस पक्षांच्या मिळून ९८ आणि अपक्षांच्या ६४. यांतल्या ९८ सरसकट समितीच्या म्हणता येत नाहीत, कारण हे राज्य एकट्या मराठी मुलखाचे नव्हते आणि प्रजासमाजवादी पक्ष गुजरात-सौराष्ट्रातही लढत होता. अपक्षांचे तर आणखी अवघड. त्या ६४ जणांत समितीचे आहेत, महागुजरात जनता परिषदेचे आहेत आणि कुणाचेच नसलेले, गावातल्या वजनावर निवडून आलेलेही आहेत. तक्ता त्यांच्यात फरक करत नाही. खरा आकडा हवा असेल तर मतदारसंघांची यादी घेऊन एकेका नावापुढे, हा उमेदवार कुणाच्या व्यासपीठावर उभा होता, हे त्या वेळच्या वर्तमानपत्रांतून लावत बसावे लागते. पुस्तकांतून समितीच्या जागांचे वेगवेगळे आकडे दिसतात, त्याचे मूळ इथे आहे. ज्याने अपक्षांची वाटणी जशी केली, तसा त्याचा आकडा आला.

मतदाराला ही अडचण कशी वाटली असेल, हे समजायला त्या वेळची मतदानाची रीत ध्यानात घ्यावी लागते. मतपत्रिकेवर शिक्का मारण्याची पद्धत तेव्हा सार्वत्रिक झाली नव्हती. आडोशामागे प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असे, पेटीवर त्याचे चिन्ह चिकटवलेले असे, आणि मतदाराने कोरी मतपत्रिका नेऊन हव्या त्या पेटीत टाकायची असे. काँग्रेसची बैलजोडी कच्छपासून चांद्यापर्यंत एकच होती. समितीला स्वतःचे चिन्ह नव्हते. एका तालुक्यात समिती म्हणजे शेकापचा खटारा, शेजारच्या तालुक्यात प्रजासमाजवाद्यांची झोपडी, गिरणगावात विळा-कणीस, आणखी कुठे फेडरेशनचा हत्ती. अपक्ष उमेदवार असेल तर त्याचे चिन्ह तिसरेच. अक्षर न वाचता येणाऱ्या बाईला ‘समितीला मत दे’ एवढे सांगून भागत नव्हते. तिच्या गावात समिती कोणत्या पेटीत आहे, हे दारोदार जाऊन सांगावे लागत होते. समितीच्या जागांचा आकडा जो काय लावाल तो लावा, त्यातल्या प्रत्येक जागेमागे हे सांगत फिरलेली माणसे आहेत. अहवालात त्यांच्यासाठी रकाना असण्याचा प्रश्नच नव्हता. आचार्य अत्र्यांचा ‘मराठा’ १५ नोव्हेंबर १९५६ रोजी, निवडणुकीच्या तीन-साडेतीन महिने आधी सुरू झाला. त्याचा जोर मोठा होता यात शंका नाही, पण वर्तमानपत्र वाचणाराच वाचतो. ज्याला चिन्ह तेवढे कळत होते त्याच्यापर्यंत ही गुंतागुंत तोंडानेच पोचली.

त्यात आणखी एक गुंता होता. ३९६ आमदार निवडून आले ते ३३९ मतदारसंघांतून. त्यांतले २८२ एकसदस्य होते आणि ५७ द्विसदस्य. द्विसदस्य मतदारसंघात एक जागा अनुसूचित जाती किंवा जमातीसाठी राखीव असे. तिथल्या प्रत्येक मतदाराला दोन मते होती, पण दोन्ही एकाच उमेदवाराला देता येत नव्हती. दिली तर एकच धरले जाई. राखीव उमेदवारांत ज्याला सर्वाधिक मते, तो आधी निवडून आला असे जाहीर होई, आणि मग उरलेल्या सगळ्यांत जो पुढे, त्याला दुसरी जागा. म्हणून या निवडणुकीतल्या मतांच्या टक्केवारीला जपून हात लावावा लागतो. काँग्रेसला मिळालेली मते सुमारे ४९ टक्के भरतात. पण ही टक्केवारी मतांची आहे, मतदारांची नाही. द्विसदस्य मतदारसंघातला माणूस तिच्यात दोनदा मोजला गेला आहे.

या दोन मतांचा इतिहास मुंबई शहरात फार कडवट होता. १९५२ साली उत्तर मुंबईच्या द्विसदस्य लोकसभा मतदारसंघात राखीव जागेवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे होते आणि सर्वसाधारण जागेवर त्यांचे सहकारी समाजवादी अशोक मेहता. कम्युनिस्टांकडून श्रीपाद अमृत डांगे होते. बाबासाहेब काँग्रेसच्या नारायण काजरोळकरांकडून पराभूत झाले. त्यानंतर आंबेडकर आणि मेहता यांनी निवडणूक अर्ज केला. कम्युनिस्टांनी मतदारांना दुसरे मत वाया घालवायला शिकवले, अशी तक्रार होती, आणि तिचा रोख डांग्यांवर होता.

पाच वर्षांनी, १९५७ च्या लोकसभेच्या यादीत मध्य मुंबई या द्विसदस्य मतदारसंघापुढे दोन नावे आहेत. कम्युनिस्ट पक्षाचे श्री. अ. डांगे आणि शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे जी. के. माने. ज्या दोन पक्षांत एका मताच्या नासाडीवरून कज्जा झाला होता, त्यांचे उमेदवार एकाच मतदारसंघातून शेजारी शेजारी निवडून आले. इथे ते दुसरे मत वाया गेले नाही. समिती म्हणजे नेमके काय, हे मला भाषणांच्या कात्रणांपेक्षा या दोन ओळींतून जास्त कळले.

बाबासाहेब तोवर राहिले नव्हते. ६ डिसेंबर १९५६ ला त्यांचे निर्वाण झाले आणि फेब्रुवारीअखेर मतदान सुरू झाले. पोरक्या झालेल्या फेडरेशनने या राज्यातून विधानसभेत १३ आणि लोकसभेत ५ माणसे पाठवली. १९५२ च्या जुन्या मुंबई विधानसभेत फेडरेशनचा एकच आमदार होता. लोकसभेच्या पाचांत माने यांच्याबरोबर नाशिकचे दादासाहेब गायकवाड आणि कोपरगावचे बी. सी. कांबळे होते. ऑक्टोबर १९५७ मध्ये फेडरेशनची जागा रिपब्लिकन पक्षाने घेतली, तेव्हा नव्या पक्षापाशी निवडून आलेल्यांचे हे बळ होते.

आता २३४ कडे वळतो. ३९६ च्या सभागृहात बहुमताला १९९ लागतात. काँग्रेसपाशी त्याहून ३५ जास्त होत्या आणि यशवंतराव चव्हाणांचे सरकार सुखाने उभे राहिले. हा आकडा आधीच्या निवडणुकीशी ताडून पाहण्याचा मोह होतो. १९५२ ला काँग्रेसने ३१५ पैकी २६९ जागा घेतल्या होत्या. पण ते राज्य आणि हे राज्य एक नव्हते. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव, विजापूर, धारवाड आणि कारवार हे जिल्हे म्हैसूरकडे गेले. मराठवाडा, विदर्भ, सौराष्ट्र आणि कच्छ आत आले. दोन वेगवेगळ्या नकाशांचे आकडे एकाखाली एक मांडून घसरण काढणे बरोबर नाही.

नकाशा पुढे ठेवला तर दुसरी गोष्ट मात्र दिसते, आणि तिच्याविषयी कागद एकमुखी आहेत. पश्चिम महाराष्ट्र आणि कोकणात काँग्रेसची पडझड झाली. तिला तारले ते मराठवाडा, विदर्भ आणि गुजराती भाषक मुलखाने. म्हणजे ज्या मराठी-गुजराती द्वैभाषिक राज्यावर लोकांचा राग होता, त्या द्वैभाषिकाच्या रुंदीनेच सरकारला बहुमत दिले. संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात नोव्हेंबर १९५५ आणि जानेवारी १९५६ मध्ये मुंबईत ज्या वस्त्यांवर गोळ्या चालल्या, तिथल्या मतदाराने उत्तर दिले, आणि ते भुज-राजकोटच्या बेरजेत बुडाले. चव्हाण स्वतः कऱ्हाडमधून निवडून आले, पण थोडक्या मतांनी. मुख्यमंत्र्याला आपल्याच गावात अशी निसटती निवड पाहावी लागली, याची त्यांच्या पुढच्या तीन वर्षांच्या राजकारणाशी सांगड घालावी असे मला वाटते. हा माझा तर्क आहे, कागदातले विधान नव्हे.

लोकसभेच्या यादीत हे चित्र अधिक ठसठशीत उमटते. मुंबई राज्याच्या ६६ जागांत काँग्रेसला ३८ मिळाल्या. पुण्यात काकासाहेब गाडगीळांसारखा जुना नेता ना. ग. गोऱ्यांकडून हरला. साताऱ्यातून क्रांतिसिंह नाना पाटील गेले, राजापुरातून नाथ पै. जनसंघाला साऱ्या देशात चार खासदार मिळाले, त्यांतले दोन धुळे आणि रत्नागिरीचे. तेही समितीच्या वाऱ्यावर आले. उलट बारामतीला केशवराव जेधे काँग्रेसच्या तिकिटावर विजयी झाले, आणि समितीच्या स्थापनेच्या सभेचे अध्यक्ष तेच होते. त्यांच्यावर एका शब्दात शिक्का मारायला माझा हात धजत नाही. संयुक्त महाराष्ट्र हवा होता आणि काँग्रेसही सोडवत नव्हती, अशा माणसांचीही ही निवडणूक होती.

याच यादीत अहमदाबादपुढे अपक्ष म्हणून इंदुलाल याज्ञिकांचे नाव आहे. मराठी लेखनात हे नाव घाईने ओलांडले जाते, ते मला पटत नाही. ऑगस्ट १९५६ मध्ये अहमदाबादेतही गोळीबार झाला होता, पोरे मेली होती, आणि याज्ञिकांची महागुजरात जनता परिषद तिथे आपल्या भाषेचे राज्य मागत होती. निवडणुकीच्या कागदावर तिचीही समितीसारखीच गत झाली. तिचे लोक अपक्षांत विखुरले. द्वैभाषिकाच्या दोन्ही टोकांचा विरोध एकाच ‘अपक्ष ६४’ या आकड्यात शेजारी बसला आहे.

या ३९६ जणांचा पुढचा माग दुसऱ्या एका कागदात लागतो. १९६० च्या मुंबई पुनर्रचना कायद्याने राज्याचे दोन भाग केले आणि त्याबरोबर सभागृहाचेही. १३२ आमदार गुजरातचे झाले, २६४ महाराष्ट्राचे. नवी निवडणूक घेतली नाही. द्विसदस्य मतदारसंघ पुढच्या वर्षी कायद्याने मोडले आणि महाराष्ट्राच्या नावाने पहिले मतदान १९६२ साली झाले. त्यात काँग्रेसने २६४ पैकी २१५ जागा जिंकल्या. पण १ मे १९६० ला जी विधानसभा महाराष्ट्राची म्हणून अस्तित्वात आली, तिचे बहुतेक सदस्य १९५७ च्या पेट्यांतून आलेले होते. दादरचे अत्रे, शुक्रवार पेठेचे एसेम जोशी, उस्मानाबादचे उद्धवराव पाटील, पनवेलचे दि. बा. पाटील आणि समोरच्या बाकावर कऱ्हाडचे यशवंतराव. द्वैभाषिक मुंबई राज्यासाठी दिलेल्या मतांवरच ते सारे महाराष्ट्राच्या पहिल्या विधानसभेत बसले.