कळक आणि उतारा

"पितळेच्या टोपात ठेव नको गो, कळकतली!" सोलकढी गाळून झाली की मालवणच्या घरात आजीची ही ताकीद ठरलेली. नासणं वेगळं, आंबणं वेगळं, विटणं वेगळं. आंबट पदार्थाने धातूची चव धरली की तो कळकला. मूळ शब्द ‘कलंक’: डाग, आणि जुन्या संस्कृत कोशांत लोखंडाचा गंजसुद्धा. (बांबूचा कळक निराळा.) चंद्राच्या कलंकावर कवी तुटून पडले, कढीचा कलंक मात्र बायकांच्या जिभेनेच जपला.

सोलकढी ज्याची करतात त्या ‘आमसूल’ या शब्दातच आंबटपणा आणि सोल, म्हणजे साल, एकत्र बसले आहेत. आमसुलातलं हायड्रॉक्सिसायट्रिक आम्ल पितळेतलं तांबं विरघळवतं. म्हणून भांड्याला आतून कथलाची कल्हई. हा शब्द अरबीतून आला, आणि त्याचं मूळ मलाया द्वीपकल्पातल्या कलाह या कथलाच्या बंदरात असल्याचं मानतात. ‘कथील’ संस्कृत ‘कस्तीर’वरून, आणि कस्तीर ग्रीक ‘कास्सितेरोस’चं भावंड. कढी वाचवायला दोन्ही शब्द परमुलखातून आले. पण कथलात शिसं मिसळलेलं असेल तर कल्हईच वैरीण. तांबं जिभेला कळतं, शिसं कळत नाही. ते गुपचूप रक्तात शिरतं आणि हिमोग्लोबिन घडवणाऱ्या विकरांना अडवतं. अशा अन्नाला आजी ‘कळकलं’ म्हणणार नाही. तिच्या शब्दाची हद्द तिथे संपते.

शिसं किंवा कॅडमिअम दिलेल्या उंदरांना लसूण, शेवगा, आवळा यांचे अर्क पाजून रक्त तपासण्याचे प्रयोग बरेच झाले आहेत, आणि काहींत रक्त सावरलेलं दिसतं. पण म्हणून कोणी शेवग्याच्या पाल्यावर विसंबून राहू नये. शिसेबाधेत डॉक्टर आधी शिसं येतं कुठून ते शोधून ती वाट बंद करतात. पाळी आलीच तर धातूला धरून बाहेर काढणारी औषधं देतात. उंदरांना पाजलेला तो ‘अर्क’ अरबी ‘अरक’वरून, म्हणजे घाम: भट्टीच्या नळीतून थेंब थेंब गळतो तो. मला आपला ‘उतारा’ जास्त आवडतो. विषावर उतारा. उसाला साखरेचा उतारा. तलाठ्याकडचा सातबाराचा उतारा. तिठ्यावर लिंबू-नारळाचा ठेवलेला, चुकूनही ओलांडायचा नसलेला उतारा. सगळे ‘उतरणे’च्याच घरचे. झाडातून काढलेलं सत्त्व आणि अंगातलं विष उतरवणारं औषध या दोघांनाही या एका शब्दात जागा आहे.

तसाच दुसरा शब्द ‘पुट’. आमसूल करताना कोकमाची साल मीठ घातलेल्या रसात बुडवायची, उन्हात टाकायची, पुन्हा बुडवायची. याला रसाची पुटं देणं म्हणतात. आयुर्वेदाच्या रसशास्त्रात धातूलाही पुटंच देतात: वनस्पतींच्या रसात खलून, शरावात, म्हणजे मातीच्या परळांत, बंद करून, गोवऱ्यांच्या आगीत. तांब्याचं भस्म नीट झालं की नाही हे पाहायला वैद्य ते दह्यात कालवून ठेवतात. दही हिरवट पडलं, तर भस्म अजून कच्चं. दही कळकलं का, एवढंच ते पाहतात.