फ्रॉथ: बिअरच्या पेल्यातून थेट शेअर बाजारात

मार्च २०२४ आठवतोय? सेबीच्या तेव्हाच्या अध्यक्ष माधबी पुरी बुच मुंबईत म्हणाल्या की, बाजारात काही ठिकाणी 'फ्रॉथ' दिसतोय. रोख होता स्मॉलकॅप आणि मिडकॅपवर. दोनच दिवसांनी, १३ मार्चला, स्मॉलकॅप निर्देशांक एका दिवसात साधारण ५ टक्के आपटला. कारणं इतरही असतील, पण अनेकांच्या मोबाइलवरचा पोर्टफोलिओ लालभडक झाला. तर आज या एका शब्दाची गोष्ट.

फ्रॉथ म्हणजे फेस. आपल्याकडे दमलेल्या माणसाच्या तोंडाला फेस येतो, इंग्रजीत तो चिडलेल्याच्या तोंडाला येतो!

शब्दाला बदनाम केलं ते दारूच्या गुत्त्यांनी. पेल्यात फेस जास्त, बिअर कमी, पैसे मात्र पूर्ण. शेक्सपिअरच्या काळात ही लबाडी सगळ्यांना माहीत होती. 'मेझर फॉर मेझर' या नाटकात त्याने एका पात्राचं नावच फ्रॉथ ठेवलंय. वडील वारलेत, वर्षाला ८० पौंडांचं उत्पन्न आहे आणि पोरगा गुत्त्यात पडून असतो. बस, एवढंच पात्र.

खाणवाल्यांना मात्र फेस प्यारा. ऑस्ट्रेलियात ब्रोकन हिलला विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दळलेलं खनिज पाण्यात घुसळून वर फेस आणायची पद्धत रुळली. शिसं-जस्ताचे कण बुडबुड्यांना चिकटून वर यायचे, निरुपयोगी दगड खाली राहायचा. म्हणजे इथे फेस ठेवायचा आणि उरलेलं फेकायचं!

आता पैशाकडे. २००५ साली अमेरिकेत घरांच्या किमती सुसाट सुटल्या होत्या. फेडरल रिझर्व्हचे प्रमुख ॲलन ग्रीनस्पॅन यांनी 'बबल' म्हणायचं टाळलं आणि 'थोडा फ्रॉथ आहे' म्हणाले. साहजिक आहे म्हणा. बबल म्हटलं की लोकांना तो फुटणार हेच ऐकू येतं. फेस आपोआप बसतो. त्यांच्या खुर्चीवरून चुकीचा शब्द गेला असता तर लोक विकायलाच धावले असते. पण ज्याने कर्ज काढून घर घेतलं होतं, त्याने या मवाळ शब्दातून काय समजायचं? पुढच्या वर्षी किमती उतरू लागल्या, सप्टेंबर २००८ मध्ये लेहमन ब्रदर्स बुडाली. दरम्यान, २००७ मध्ये, पद सोडल्यावर ग्रीनस्पॅन यांनी सांगून टाकलं: फ्रॉथ हा बबलसाठीच वापरलेला सौम्य शब्द होता.

बुच यांनी त्या दिवशी दोन्ही शब्द घेतले होते. कोणी याला बबल म्हणतं, कोणी फ्रॉथ, असं त्या म्हणाल्या. बातम्यांच्या मथळ्यांत मात्र फ्रॉथच जास्त गाजला.