चिनी पॉप आणि लोकसुरांची जुनी सोयरीक

२००३ साली तैवानच्या जे चौ यांचं 'दोंग फंग पो' हे गाणं आलं. खाली आर अँड बी या अमेरिकी शैलीचा ठेका, वर पिपा आणि अर्हू ही चिनी तंतुवाद्यं. चिनी भाषिक जगात ही धाटणी 'चुंगक्वो फंग' म्हणजे चिनी बाज या नावानं रूढ झाली आणि पुष्कळांनी लोकसंगीत व पॉपच्या मिलाफाची सुरुवात इथूनच धरली. प्रत्यक्षात या कुळाचा मूळपुरुष पाऊणशे वर्षांआधी शांघायमध्ये होऊन गेला.

त्यांचं नाव ली जिनहुई. जन्म १८९१चा, हुनान प्रांतातला. तिथली लोकनाट्यं आणि लोकगीतं कानांवर पडतच ते वाढले. प्रमाण चिनी भाषा देशभर रुजावी म्हणून त्यांनी आधी मुलांसाठी संगीतिका लिहिल्या. मग १९२७च्या सुमारास 'माओमाओ यु' रचलं आणि आपल्या मुलीकडून, ली मिंगहुईकडून, गाऊन घेतलं. चाल लोकगीताच्या वळणाची, साथ पाश्चात्त्य वाद्यांची. या नव्या प्रकाराला 'शिदायछू' म्हणजे आजच्या काळाची गाणी म्हणू लागले. शांघायची नृत्यगृहं तेव्हा जॅझनं दणाणत होती. अमेरिकेहून आलेले ट्रम्पेटवादक बक क्लेटनही तिथे चिनी गाणी बसवून वाजवू लागले.

हा मेळ जमला त्याला कारण आहे. बहुतेक चिनी लोकधुना पाच स्वरांच्या असतात. आपल्या कानाला ओळखीचे सांगायचे तर भूपातले, सा रे ग प ध. या पाचांत अर्ध्या स्वराचं अंतर कुठेच नाही. त्यामुळे खाली साधे पाश्चात्त्य कॉर्ड धरले तरी चाल सहसा खटकत नाही.

१९३७च्या 'मालू थ्यानश' या चित्रपटात संगीतकार ह लूथिंग यांनी सुजौकडच्या लोकधुना घेतल्या आणि गायिका चौ श्वान यांच्या गळ्यातून त्या घरोघरी पोचवल्या.

टीका मात्र पहिल्यापासून झाली. लेखक लू शुन यांना 'माओमाओ यु' ऐकून गळा आवळलेलं मांजर आठवलं. ली यांच्याच मंडळीत तयार झालेले आणि पुढे चीनच्या राष्ट्रगीताला चाल देणारे न्ये अर यांनीही गुरूवर जाहीर टीका केली. १९४९ नंतर या गाण्यांवर 'पिवळं संगीत', म्हणजे अश्लील, असा शिक्का बसला आणि त्यांचं केंद्र हाँगकाँगला सरकलं. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात, १९६७ साली, ली उपेक्षेत वारले. ज्यानं ही वाट पाडली त्याच्यावर हा घोर अन्याय होता.

त्या शिक्क्यानं सूर मात्र मेले नाहीत. १९८६ साली बीजिंगमध्ये रॉक गायक त्सुई ज्यान यांनी 'इ वू स्वो यौ' गायलं. त्या गाण्यात इलेक्ट्रिक गिटारच्या जोडीला स्वोना हे फुंकवाद्य आहे. स्वोना आणि आपली सनई ही पश्चिम आशियातल्या सुरनाईच्या गोतातली भावंडं. पाठोपाठ शान्शीच्या पिवळ्या मातीच्या पठारावरची लोकगीतं रॉकच्या ठेक्यावर चढली आणि 'वायव्येचा वारा' नावाची लाट देशभर पसरली.

आता पुन्हा अर्हूकडे पाहू. त्याला दोनच तारा, आणि गजाचे केस त्या तारांच्या मधून जातात. पट्टी नसल्यानं बोट तारेवर अधांतरी सरकतं आणि गळ्यासारखी मींड निघते. आर अँड बीचे गायकही स्वर असाच घसरत नेतात. म्हणून तो ठेका आणि हे वाद्य एकमेकांना परके वाटत नाहीत.

आज मात्र कित्येक गाण्यांत अर्हूचा तुकडा नुसता शोभेला लावलेला आढळतो. पारख सोपी आहे: सगळी वाद्यं काढून टाका आणि चाल नुसती गुणगुणा. लोकधून तिथेही ऐकू आली तर मिलाफ खरा. 'माओमाओ यु', 'इ वू स्वो यौ' आणि 'दोंग फंग पो' ही तीन गाणी याच क्रमानं ऐका. तिन्ही या पारखीला उतरतात.