सातासमुद्रांपलीकडून घरचा आवाज

दूर देशीं गेलेल्या माणसाला घरची आठवण होणें ही गोष्ट मनुष्यजातीइतकीच जुनी आहे. त्या माणसाला घरच्यांचा आवाज ऐकूं येणें ही मात्र अगदीं अलीकडची. 1870 सालीं मुंबईहून एडन व सुएझ या मार्गानें इंग्लंडपर्यंत समुद्राच्या तळाशीं तार टाकली गेली, आणि आगबोटीनें आठवडेच्या आठवडे घेणारें वर्तमान कांहीं तासांत पोंचूं लागलें. परंतु तारेंतून येई तो मजकूर. त्यांत आवाज नसे, आणि दर शब्दास दाम पडे.

1927 सालच्या जुलै महिन्यांत मुंबईस नभोवाणीचें केंद्र उघडलें. त्याच महिन्यांत खडकी व दौंड येथील बिनतारी केंद्रांमार्फत विलायतेशीं संदेशांची देवघेव सुरू झाली. पुढें 1933 सालीं हिंदुस्थान व इंग्लंड यांजमध्यें बिनतारी दूरध्वनीची सोय झाली. पण ती सरकार, मोठ्या पेढ्या आणि धनिक यांच्यापुरतीच राहिली. विलायतेस शिकावयास गेलेल्या मुलाची आई पूर्वीप्रमाणेंच टपालाच्या आगबोटीची वाट पाहत राहिली.

1947 सालीं परदेशाशीं दळणवळणाचें स्वतंत्र सरकारी खातें निघालें. 1986 सालीं त्याचाच विदेश संचार निगम झाला. मधल्या काळांत, 1971 सालीं, जुन्नर तालुक्यांतील आर्वी येथें उपग्रहाशीं संधान बांधणारें भूकेंद्र सुरू झालें, व 1976 सालीं मुंबईहून लंडनला मध्यस्थावांचून थेट क्रमांक फिरवितां येऊं लागला. यंत्रें सुधारलीं; बोलण्याचें मोल मात्र सामान्य घराच्या आवांक्यांत आलें नाहीं. 1973 नंतर तेलाच्या पैशावर आखाती देशांत कामें निघालीं, आणि रत्नागिरी व तेव्हांच्या कुलाबा जिल्ह्यांतील कितीतरी घरांतले पुरुष तिकडे गेले. त्यांचा घराशीं संबंध राही तो पत्रांनीं आणि ध्वनिफितींनीं. फितीवर आपलें बोलणें भरून ती गांवीं जाणाऱ्या सोबत्याच्या हातीं द्यावयाची, आणि घरच्यांनीं तशाच फितीवर उत्तर पाठवावयाचें. दूरध्वनि करावयाचा तो जन्म, मृत्यु किंवा लग्न अशा प्रसंगीं. शेजाऱ्याच्या घरून बोलावणें यावयाचें, सगळ्यांनीं धांवत जावयाचें, आणि मोजक्या मिनिटांतील निम्मीं ‘ऐकूं येतें का?’ हें विचारण्यांत जावयाचीं. उरलेल्या वेळांत काय बोलावयाचें तें आधींच ठरलेलें असे. मनांत असे तें तसेंच राहून जाई.

हें बोलणें इतकें महाग कां? समुद्र विस्तीर्ण म्हणून, असें उत्तर दिलें जाई. तें अर्धेंच खरें होतें. जुन्या पद्धतींत दोघांच्या बोलण्याकरितां एक संपूर्ण वाट राखून ठेवावी लागे. ते गप्प राहिले तरी ती दुसऱ्याच्या उपयोगीं पडत नसे. हें झालें यंत्राचें कारण. दुसरें कारण कायद्याचें होतें. 1885 च्या तार कायद्यानें तारयंत्राचा अनन्य हक्क सरकारकडे ठेवला होता, आणि दूरध्वनिही त्यांतच मोडत असे. इतर बहुतेक देशांतही फार काळ अशीच स्थिति होती. दोन्ही टोकांस एकेकच दुकान असल्यावर गिऱ्हाइकानें भाव करावा कोणाशीं? परदेशच्या बोलण्यावरील नफ्यामुळें देशांतील सेवा स्वस्त ठेवतां येते, असें त्याचें समर्थन होई; त्यांत तथ्यही होतें. पण तो भार पडे तो घर सोडून गेलेल्या माणसावर.

पहिली अडचण शास्त्रानें दूर केली. 1974 सालीं अमेरिकेंतील आर्पानेट या संगणकांच्या जाळ्यावरून आवाजाचे तुकडे करून पाठविण्याचा प्रयोग यशस्वी झाला. प्रत्येक तुकड्यावर पत्ता घालावयाचा, तो मिळेल त्या वाटेनें जावयाचा, आणि पलीकडे सर्व तुकडे क्रमानें जोडावयाचे. म्हणजे एकाच वाटेवरून अनेकांचीं बोलणीं चालतात. मात्र दूरध्वनींतील आवाज अंकांत मांडावयाचा तर सेकंदास 64,000 अंक लागत, आणि इतका भार घरगुती तारेस पेलत नसे. हा भार हलका करणाऱ्यांत बिष्णु अटल हे अग्रगण्य होत. ते कानपूरचे, बंगळूरच्या विज्ञानसंस्थेंत शिकून पुढें अमेरिकेस गेले व 1961 सालीं बेल प्रयोगशाळेंत दाखल झाले. मागील ध्वनीवरून पुढील ध्वनीचा अंदाज बांधतां येतो, म्हणून सगळा आवाज पाठविण्याची जरूर नाहीं, हें त्यांच्या संशोधनाचें सूत्र. 1985 सालीं त्यांनीं व मानफ्रेड श्रोडर यांनीं या सूत्रावर एक नवी रीत मांडली, तेव्हां क्रे-1 या महासंगणकास एका सेकंदाचें बोलणें आटोपशीर करण्यास 150 सेकंद लागले. त्याच रीतीचीं सुधारलेलीं रूपें पुढें खिशांतल्या यंत्रांत बसलीं.

दुसरी अडचण अधिक चिवट ठरली. 1995 च्या फेब्रुवारींत इस्राएलमधील व्होकलटेक कंपनीनें इंटरनेटवरून बोलण्याचें साधन बाजारांत आणलें. त्याच वर्षीं 15 ऑगस्ट रोजीं विदेश संचार निगमानें भारतांत इंटरनेट सर्वांस खुलें केलें. साधन आलें, वाटही आली. पण त्या वाटेवरून बोलण्यास मनाई होती, आणि 1999 च्या नव्या दूरसंचार धोरणानेंही ती उठविली नाहीं. सायबर कॅफेंत कानाला यंत्र लावून अमेरिकेंतील मुलाशीं बोलणारे आई-वडील नियमाविरुद्ध वागत होते! अखेर 1 एप्रिल 2002 पासून हें बोलणें कायदेशीर झालें, आणि परदेशच्या दूरध्वनीवरील निगमाची मक्तेदारीही त्याच सुमारास संपली. समुद्र होता तेवढाच राहिला. भाव मात्र कोसळले.

2003 सालीं स्काइप निघालें. त्याची घडण एस्टोनियांतील तरुणांनीं केली होती. 2015 सालीं व्हॉट्सॲपवरून बोलणें, आणि 2016 सालीं बोलतांना एकमेकांस पाहणेंही शक्य झालें. या साधनाचा एक जनक यान कूम हा स्वतः युक्रेनमधून आईबरोबर अमेरिकेस आलेला. आतां संगणकाची जरूर उरली नाहीं. अक्षरओळख नसलेल्या आजीलाही नातवाचें तोंड दिसूं लागलें. पण ज्यांना या सोयीची सर्वांत अधिक गरज, त्या आखातांतील कामगारांपर्यंत ती सर्वत्र सारखी पोंचली नाहीं. संयुक्त अरब अमिरातींत व्हॉट्सॲपवरील बोलण्याची वाट अडविण्यांत आली, आणि परवाना असलेल्या, पैसे घेणाऱ्या साधनांकडे त्यांना वळावें लागलें. जुनाच प्रश्न तेथें नव्या वेषांत उभा राहिला. स्काइपही 5 मे 2025 रोजीं बंद झालें.

हा आवाज आभाळांतून येतो असें पुष्कळांस वाटतें. वस्तुतः तो बहुतांशीं समुद्राच्या तळच्या काचतंतूंच्या दोरांतून येतो, आणि मुंबईहून युरोपास जाणारे अनेक दोर आजही 1870 च्या तारेप्रमाणें तांबड्या समुद्रांतूनच गेले आहेत. 2008 च्या जानेवारींत इजिप्तमधील अलेक्झांड्रियाजवळ असे दोर तुटले, तेव्हां भारतांतील इंटरनेट मंदावलें होतें.

पत्रें ट्रंकेंत जपून ठेवतां येत, हें बोलणें हवेंत विरून जातें, अशी तक्रार कांहींजण करतात. ती खोटी नाहीं. परंतु मिनिटें मोजून बोललेल्या पिढीला एक गोष्ट पक्की ठाऊक आहे : मनांतलें बोलणें ठरवून होत नाहीं. आमटींत आज मीठ जास्त पडलें, अंगणांतला आंबा मोहरला, असें इकडचेंतिकडचें सांगतां सांगतां तें सहज ओठांवर येतें. त्याला सवड मिळाली, हाच या सर्व उलाढालीचा खरा लाभ. अंतर समुद्र घालतो. बोलण्याचें मोल माणसेंच ठरवितात, आणि म्हणूनच तें माणसांना कमीही करतां येतें.